एका काचेवर दोघं

अण्णा, तुमच्यावर चार ओळी लिहून द्या, असं कचेरीतून सांगितलं आहे. जन्मगाव, वय, धंद्यात कधी उतरलात, मागे कोण. ते काम मी दुसऱ्याकडे सोपवलं. मला तुम्हाला एक बातमी द्यायची आहे आणि ती दिल्याशिवाय दुसरं काही लिहून होत नाही. बसतो, उठतो, पुन्हा बसतो. तुम्ही गेल्यावर मारुतीच्या काचेचं काय झालं, ती ही बातमी.

वाचणाऱ्यांना मारुती कोण आणि काच कसली हे ठाऊक नाही. तेव्हा आधी ते सांगावं लागेल आणि तुम्ही वैतागाल. म्हणाल, तुम्हा पेपरवाल्यांना कुठलीही गोष्ट मुळापासून उकरायची खोडच आहे. म्हणा.

पौडच्या बाजारात तुमचं पत्र्याचं खोपट होतं. मागे काळा पडदा, पुढे तिपाईवर लाकडी कॅमेरा. मी पहिल्यांदा आलो तेव्हा पडद्यापुढे एक खुर्ची होती. पुढच्या खेपेला ती दिसली नाही. त्या दिवसांत आसपासच्या वस्त्यांनी नुकताच धम्म स्वीकारला होता. मेलेली गुरं ओढणार नाही, गावकीची कामं करणार नाही, असं त्यांनी गावांना सांगून टाकलं होतं. काही गावांनी त्यावर त्यांची मजुरी बंद केली, दुकानं बंद केली, बांधावरच्या वाटा बंद केल्या. अशाच एका गावचा शेतकरी तुमच्याकडे फोटो काढायला आला आणि म्हणाला, वस्तीवरची माणसं बसतात त्या खुर्चीत मी बसणार नाही. तुम्ही वाद घातला नाही. "लाकूड किडलंय तिचं," म्हणालात आणि खुर्ची आत नेऊन तिच्यावर औषधाच्या बाटल्या मांडल्या. त्या दिवसापासून सगळ्यांचे फोटो उभ्यानं निघू लागले.

मी म्हणालो, ही माघार झाली. तुम्ही म्हणालात, "तोही उभाच राहतोय ना आता?" यावर आपण किती वेळा भांडलो. मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आजही पुरतं पटलेलं नाही. हे तुम्हाला ऐकवायला आता उशीर झाला, पण नोंद असू द्या.

फोटो ज्यांच्यावर उतरायचा त्या काचा मिळायची मारामार असायची. म्हणून तुम्ही एका काचेवर दोन माणसं घ्यायचात. काचेच्या अर्ध्या भागावर काळी पट्टी धरायची, एकाला उभं करायचं; मग पट्टी दुसरीकडे सरकवायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाला उभं करायचं. छाप निघायचा तो एकाच कागदावर, दोघं शेजारी शेजारी, मागे एकच काळोख. असे अखंड कागद तुम्ही खोपटाच्या बाहेर दोरीला लावून ठेवायचात. फोटो न्यायला मालकानं पुढच्या बाजारी यायचं. आणि नियम असा, की दोघंही आल्याशिवाय कागद कापायचा नाही. चुकीचं कापलं म्हणून मागाहून तक्रार नको, हे तुमचं कारण. शेजारी कोण यावं हे तुम्ही ठरवत नव्हता. रांगेत जो ज्याच्या मागे उभा, तो त्याच्या शेजारी. गावातला माणूस आणि वस्तीवरचा माणूस एका कागदावर यायचे, आणि आपापला अर्धा भाग न्यायला त्यांना तुमच्या टेबलापाशी एकत्र उभं राहावं लागायचं. कुणी कुरकुरायचं. कुणी तोंड फिरवून उभं राहायचं. तुमची कात्री मात्र दोघं आल्याखेरीज हालायची नाही.

त्या दोरीपुढे बाजारभर गर्दी असायची. एखादी बाई नवऱ्याच्या फोटोकडे बोट करून शेजारणीला म्हणायची, "घरात कदी तोंड उघडत न्हाई, आन् हितं बघ कसा दात काढतोय." एकदा एका म्हाताऱ्यानं स्वतःलाच ओळखलं नाही आणि हा कोण थेरडा म्हणून विचारलं, ते हसू चहाच्या दुकानापर्यंत गेलं. मी तिथं तासन् तास उभा राहिलो आहे. ज्या माणसाकडे वाटेत नजर वर करून कुणी पाहायचं नाही, त्याच्या फोटोपुढे लोक खुशाल टक लावून उभे असायचे. वस्तीवरच्या बाया पाटलांच्या सुनेच्या नथीवर बोलायच्या. गावातली माणसं वस्तीवरच्या पोरांचे कोट निरखायची आणि हा कोट शिवला कुणी, म्हणून हळूच चौकशी करायची.

हे मला छापायचं होतं. तुम्ही नको म्हणालात. मी कारण विचारलं तेव्हा हातातला कागद पाण्यात सोडून तुम्ही म्हणालात, "आज ही माणसं फोटो न्यायला येतात. तुम्ही छापलंत की ती एकत्र आली असं होईल. मग घरचे विचारतील, भावकी विचारेल. पुढच्या बाजारी कुणी यायचं नाही." मी म्हणालो, मग हे कुणाला कळणारच नाही. तुम्ही म्हणालात, ज्यांना कळायला हवं ते बाहेर उभे आहेत. मी चिडून निघून गेलो. पण छापलं नाही. आज लिहितो आहे, तरी मारुतीच्या गावाचं नाव घालत नाही. कासार आंबोलीच्या पुढे, नदीच्या अंगाला, एवढंच.

त्या गावचे आबा. चांगली भातशेती, घरात शब्दाला मान. त्यांचा थोरला मुलगा मारुती. मारुतीचं लग्न ठरवायचं चाललं होतं, पाहुण्यांना दाखवायला फोटो हवा होता. तो आला तेव्हा त्याच्या पुढे रांगेत त्याच गावच्या वस्तीवरची सोनाबाई होती. ती गवताचे भारे बाजारात विकायची. त्या दिवशी भारा लवकर विकून ती पांढरं लुगडं नेसून आली होती. धम्म घेतला त्या दिवशी नेसलेलं तेच लुगडं. खडकीच्या कारखान्यात कामाला असलेल्या मुलानं फोटो मागितला होता. तुम्ही तिला घेतलं, पट्टी सरकवली, मारुतीला उभं केलं. तो एक हात कमरेवर ठेवून, कोपर ऐटीत बाहेर काढून उभा राहिला.

छाप निघाला तेव्हा कळलं की पट्टी मधल्या रेषेपासून थोडी सरकली होती. मारुतीचं कोपर सोनाबाईच्या बाजूला गेलं होतं, तिच्या पदरावर, थेट हनुवटीच्या खाली. पदरातून कोपर दिसत होतं आणि कोपरावर पदराच्या चुण्या. कागद सरळ कापायचा तर दोनच वाटा: मारुतीचा हात तोडायचा, नाहीतर सोनाबाईचा चेहरा मधोमध चिरायचा.

पुढच्या बाजारी दोघं आले. मी तिथेच होतो. तेव्हा गाव आणि वस्ती यांचं बोलणं बंद होतं. वस्तीची नदीकडची वाट आबांच्या बांधावरून जायची, ती अडवलेली होती, आणि काठी घेऊन तिथे उभा असायचा तो हाच मारुती. कागद पाहून तो हसला.

"आता काय कापायचं, अण्णा? माजा हात का हिचं तोंड?"

"हातच काप," सोनाबाई म्हणाली. "वाट अडवायला त्योच लागतो न्हवं त्याला."

मारुती हसायचा थांबला.  तुम्ही मध्ये पडून म्हणालात, दोघांचे पुन्हा काढून देतो, चूक माझी आहे. मारुती म्हणाला, भातकापणी झाली की येतो. आणि कापणीतच तो साप चावून गेला.

आबा आले ते त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. मारुतीचा दुसरा फोटो कुठेही नव्हता. तुम्ही कागद पुढे ठेवलात. त्यांनी बोटानं कोपराची कड शोधली. मग विचारलं, ही कोण. तुम्ही सांगितलंत. ते कागद तिथेच ठेवून उठले. पोराचा हात तोडलेला फोटो त्यांना नको होता, आणि तिच्यासकट तो घरी नेणं त्यांना जमणार नव्हतं. सोनाबाईला तुम्ही पुन्हा उभं राहायला सांगितलंत. तिनं नकार दिला. लुगडं विरलं होतं, पुन्हा ते अंगावर चढणार नव्हतं. त्यातली ती त्याच काचेवर होती, दुसरीकडे कुठेच नाही.

तेव्हा तो अखंड कागद तुम्ही खोपटाच्या आत, खुर्चीच्या वर लावलात. पुढची काही वर्षं आबा बाजाराला आले की आत येऊन उभे राहायचे. सोनाबाई समोरच गवत घेऊन बसलेली असायची. सुरुवातीला ते असले की ती आत येत नसे, ती असली की ते येत नसत. मग केव्हातरी दोघं एकाच वेळी आत असू लागले. बोलणं असं नाही. कागदाला बुरशी लागतेय, उन्हात धरा, असं एकदा आबा तुम्हाला म्हणाले आणि सोनाबाई म्हणाली, उन्हानं पांढरा पडंल. एवढंच.

या फोटोमुळे गावाचा बहिष्कार उठला असं मी लिहिणार नाही. तो लावणीला माणसं मिळेनात म्हणून सैल पडला, हे तुम्हालाही ठाऊक होतं. वाट उघडली. पाणवठा मात्र वेगळाच राहिला. तुमच्या दोरीनं काय केलं हे मला मोजता येत नाही, आणि मोजता येत नाही ते लिहायची मला सवय नाही. आपलं खरं भांडण तिथेच होतं.

आणि दुसरं एक. ती पट्टी. इतक्या वर्षांत तुमची पट्टी कधी सरकली नव्हती. मी दोनतीनदा विचारलं, तुम्ही मुद्दाम सोडलीत का. एकदा म्हणालात, सैल झाली होती. एकदा म्हणालात, "तुम्हाला प्रत्येक गोष्टीला करणारा लागतो." शेवटी दवाखान्यात तुमच्या खाटेपाशी बसलो होतो तेव्हा पुन्हा विचारायचं मनात होतं. तुम्ही झोपलात, मी उठलो, आणि सकाळी निरोप आला. मुद्दाम असेल, तर एका बापाला आणि एका बाईला तुम्ही वर्षानुवर्षं त्या खोपटात अडकवून ठेवलंत, आणि हे मला तुमच्या तोंडावर बोलायचं होतं. मुद्दाम नसेल, तर इतकी वर्षं ते ओझं तुम्ही एकट्यानं वाहिलंत, आणि मला त्यात हात द्यायचा होता. दोन्ही राहून गेलं. हिंडतो, परत येतो, पुन्हा तिथेच येऊन थांबतो.

आता बातमी.

खोपट रिकामं करायचं ठरलं. वहिनी काचा बांधत होत्या. त्याआधीच आबांचा धाकटा मुलगा श्रीपती त्यांच्याकडे येऊन गेला होता. त्यानं पुण्यातल्या एका स्टुडिओत विचारलं होतं. तिथला कारागीर काचेवरून बाईला खरवडून काढणार होता, जागा काळी भरणार होता, आणि कोपराला लागलं तर तेही ब्रशनं नीट करून देणार होता. मग मारुतीचा मोठा फोटो करून घरात लावायचा. आबा थकले आहेत, डोळे जात चालले आहेत, दिसतंय तोवर थोरला घरात यायला हवा, असं श्रीपती म्हणाला. त्यात वावगं काही नव्हतं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, "काच दोघांची आहे. यांचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. दोघांनी यावं."

बाजारच्या दिवशी सगळे आले. मलाही वहिनींनी बोलावलं होतं. आबा काठी टेकत आले, सोबत श्रीपती. सोनाबाई गवताची जागा सोडून आत आली. श्रीपतीनं तिला सगळं नीट समजावलं, आवाज न चढवता. तिनं काच मागितली, दारातल्या उजेडात धरली.

"म्हंजी मला खरवडणार."

"तुमचा दुसरा काढून देऊ की, मावशी. पुण्याला नेऊन. रंग भरलेला, झ्याक."

"आन् ते लुगडं? त्याची कवाच गोधडी झाली."

 श्रीपतीनं वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "बाईंची ना असेल तर मी काच देणार नाही. आणि आबांची ना असेल तर बाईंनाही देणार नाही. तशीच बांधून ठेवीन." मला ते कठोर वाटलं. समोर एक म्हातारा बाप होता, त्याच्या मुलाचं जगात एवढंच उरलं होतं, आणि ते ट्रंकेत जायच्या बेतात होतं. पण बोलायचा अधिकार माझा नव्हता.

 आबांनी विचारलं, "ब्रशनं केल्यालं कोपर त्येचंच ऱ्हाईल का?" श्रीपती म्हणाला, हुबेहूब करतात. आबांनी मान हलवली. "हुबेहूब नको. तशीच काडा. हिच्यासकट." श्रीपती काही बोलायला गेला, त्यांनी हातानंच थांबवलं.

मला वाटलं, झालं. वहिनींनाही तसंच वाटलं असावं, त्या कंदील लावायला वळल्या. पण सोनाबाईनं काच हातातून सोडली नव्हती.

"तुमी मला घरात घेताय. माज्या घरात ह्याला घ्यायचा का, ते कुनी इचारलं?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं आपण दोघंही, अण्णा, अडचण आबांची आहे असंच धरून चाललो होतो.

ती आबांकडे वळली. आवाज चढला नाही. "आबा, तुमच्या मारुतीनं आमची वाट अडवली व्हती. बांधावर काठी घिऊन उभा ऱ्हायचा. मी भारा डोक्यावर घिऊन डोंगराच्या अंगानं जायची. पावसात दोनदा पडले. लेक इचारंल, ह्यो कोन, तर काय सांगू?"

आबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. श्रीपती म्हणाला, जुनं कशाला काढता, मावशी. आबा त्याला म्हणाले, तू गप बस.

"म्या उभा केला व्हता त्येला," ते म्हणाले. "त्यो न्हाई म्हनत व्हता. आई-भैनी जात्यात तितनं, म्हनला. म्या त्येला लई बोललो. मंग उभा ऱ्हायला."

बाहेर बाजार चालला होता, भाव सांगणं, बैलांच्या घंटा.  श्रीपती बापाकडे पाहत होता. त्यालाही हे ठाऊक नसावं. सोनाबाईनं काच पुन्हा उजेडात धरली आणि या खेपेला ती स्वतःकडे पाहत नव्हती.

"मला वाटायचं, त्येचाच माज," ती म्हणाली. मग काच वहिनींच्या हातात देत म्हणाली, "मंग दोन काडा, वैनी."

वहिनींनी दार लावून घेतलं, लाल काचेचा कंदील पेटवला. तुमच्या मागे त्यांनी पहिल्यांदाच हे काम हातात घेतलं. पहिला कागद काळा पडला. दुसरा चांगला निघाला आणि तिसराही. त्यांनी ते पाण्यातून काढले, दार उघडलं आणि सांगितलं, वाळायला वेळ लागेल, संध्याकाळी न्या. आबा म्हणाले, आता थांबत न्हाई. वहिनींनी समजावलं, ओला कागद गुंडाळता येत नाही, फडक्यात बांधला तर चिकटेल, उघडाच न्यावा लागेल. श्रीपती म्हणाला, मी थांबून घेऊन येतो, तुम्ही गाडीत बसा. आबांनी काठी त्याच्या हातात दिली आणि दोन्ही तळवे पुढे केले.

तुम्ही हे पाहायला हवं होतं. आबा काठीशिवाय, पावलं चाचपत, फोटो तळव्यांवर आडवा धरून भर बाजारातून निघाले. श्रीपती एका बाजूनं त्यांचा दंड धरून चालला होता. लोक आधी बाजूला झाले, मग जवळ आले. तुमच्या दोरीपुढे असायची तशी माना वाकवून पाहू लागले. गावची माणसं होती, भावकीतली होती. मारुतीला सगळ्यांनी ओळखलं, दोघातिघांनी त्याचं नाव घेतलं. मग त्यांच्याच आळीतला एकजण वाकून म्हणाला, "आन् शेजारची ही कोन, आबा?"

श्रीपतीनं पुढे चला म्हणून दंड दाबला. आबा थांबले.

"सोनाबाई," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. "मागनं येतीय. तिला वाट द्या."

माणसं दोन्हीकडे सरकली. मागून सोनाबाई येत होती, डोक्यावर भारा नव्हता, दोन्ही तळव्यांवर तोच ओला कागद तोलून धरलेला.